घारापुरीचा हत्ती

आमच्या केंदूरच्या गटाची सहल गेल्या हिवाळ्यात घारापुरीला गेली होती. लाँचमधून उतरताच एकीने विचारलं, "एलिफंटा म्हणतात ना, मग हत्ती कुठंय?"

हत्ती होता. पोर्तुगीज आले तेव्हा किनाऱ्याजवळ एकाच दगडात कोरलेला भलामोठा हत्ती उभा होता, त्यावरून त्यांनी बेटाला नाव दिलं. १८६४ साली इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले. उचलताना क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले. ते मुंबईच्या राणीच्या बागेत नेले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. अजून तिथेच आहे.

एवढं धूड न्यायचं कशाला? तर हौस. अठराव्या शतकात विलायतेतली बड्या घरची मुलं रोमला फिरायला जात आणि येताना जुन्या संगमरवरी मूर्तींचे तुकडे आणत. कुणाचं मुंडकं, कुणाचा हात. पाहुण्यांना दाखवायला ते दिवाणखान्यात मांडत. आपण पंढरपूरहून बुक्का-चुरमुरे आणतो तसंच म्हणा. फक्त चुरमुरे कुणाची मूर्ती फोडून आणलेले नसतात.

चार्ल्स टाउनली हा त्यांतला मोठा हौशी. लंडनच्या त्याच्या घरात रोमच्या मूर्तींची दाटी होती. तिथेच घारापुरीचा म्हणून आणलेला एक कोरीव तुकडाही जाऊन बसला. तो १७८४ च्या सुमारास जहाजातून विलायतेला पोचला होता. १८०५ मध्ये टाउनली वारला आणि त्याच्या संगमरवरी मूर्ती ब्रिटिश म्युझियमने २०,००० पौंडांना घेतल्या. घारापुरीचा तो तुकडाही आज त्याच म्युझियममध्ये आहे. टाउनलीसारखे लोक पैसे मोजून घ्यायचे, हे खरं. पण विकणाऱ्याला तो हक्क कुणी दिला होता, हे कोण विचारणार?

हे सगळं आठवलं ते परवाच्या बैठकीत. गटातल्या एका काकूंच्या पडक्या वाड्याची कोरीव चौकट मागायला शहरातून माणूस आला होता. कुठल्याशा हॉटेलच्या भिंतीवर लावायचीय म्हणे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आपल्याला परदेशी पाठवता येत नाही. पण ही चौकट शहरातच जायची आणि काकूंच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे. विकू नका असं आम्हाला तोंड वर करून सांगता येईना. शेवटी दोन हप्ते गटाच्या बचतीतून उसने द्यायचं ठरलं. चौकट अजून जागेवर आहे. तो माणूस दिवाळीनंतर पुन्हा येतो म्हणून गेलाय.