अजिंक्यपदाचा निवाडा

फुटबॉल म्हटले की गोमंतकातील वाचकांच्या डोळ्यांपुढे गावचे मैदान आणि पायाने खेळावयाचा वाटोळा चेंडू उभा राहतो. आम्हांस येथे ज्या खेळाविषयी लिहावयाचे आहे तो निराळा. अमेरिकेतील विद्यापीठांत खेळला जाणारा हा फुटबॉल लंबगोल चेंडूचा, चेंडू छातीशी धरून धावण्याचा आणि अंगावर अंग घालण्याचा. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स महाविद्यालयाने प्रिन्स्टनचा ६-४ असा पराभव केला, तो त्याचा पहिला सामना मानतात. तो मात्र पुष्कळ अंशी पायाचाच खेळ होता. आमचा एक भाचा मिशिगन राज्यात शिकावयास गेल्यापासून आम्हांस या खेळाची गोडी लागली आणि शनिवारची रात्र जागविण्याची सवय जडली. परंतु वकिलीच्या धंद्यात मुरलेल्या माणसाचे लक्ष धावपटूंकडे जावे त्याहून अधिक निकालपत्राकडे जाते. या खेळाचे निकालपत्र मोठे विलक्षण आहे.

विलक्षण अशासाठी की सुमारे शंभर वर्षे येथील अजिंक्यपद कोणी मैदानावर जिंकत नव्हते; ते बहाल केले जाई. आज वरिष्ठ वर्गात १३० हून अधिक विद्यापीठे आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्यास हंगामात साधारण १२ सामने येतात. सर्वांनी सर्वांशी खेळणे अशक्य. शिवाय विद्यापीठांच्या खेळांचे नियमन करणारी राष्ट्रीय संघटना इतर खेळांत अजिंक्यपद देते, पण या वरिष्ठ वर्गातील फुटबॉलचे अजिंक्यपद तिने कधीच दिलेले नाही. अधिकारी न्यायासनच नाही म्हटल्यावर ज्याला वाटेल त्याने न्यायासन मांडावे, तसेच घडले.

इलिनॉय विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी १९२६ च्या सुमारास गणिताने गुण मोजून संघांचा अनुक्रम लावण्याची पद्धत काढली. नोत्र दामचे प्रसिद्ध प्रशिक्षक नूट रॉक्नी यांनी त्यांना गाठून, हीच पद्धत मागील दोन वर्षांसही लावा, असे सुचविले. प्राध्यापकांनी ती लावली आणि १९२४ चे अजिंक्यपद नोत्र दामकडे आले. पूर्वलक्षी प्रभावाचा कायदा पक्षकाराच्याच विनंतीवरून झाल्याचे इतके निर्मळ उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही. पुढे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे क्रीडासंपादक ॲलन गूल्ड यांनी १९३५ मध्ये स्वतःच अनुक्रम लावून मिनेसोटा, प्रिन्स्टन आणि सदर्न मेथडिस्ट या तिघांस एकत्र पहिले स्थान दिले. मिनेसोटाचे लोक खवळले. दुसऱ्या वर्षापासून एका संपादकाऐवजी अनेक वृत्तपत्रांच्या संपादकांची मते घेण्याची प्रथा सुरू झाली, आणि गंमत अशी की १९३६ चा पहिला मान मिनेसोटासच मिळाला. १९५० पासून युनायटेड प्रेसने प्रशिक्षकांची मते घेण्यास आरंभ केला. म्हणजे आता पक्षकारच न्यायाधीश झाले.

न्यायाधीश कोण यापेक्षाही पुरावा केव्हा बंद करावयाचा, हा प्रश्न आम्हांस मोठा वाटतो. हंगामाअखेर, बहुधा १ जानेवारीस, निवडक बलाढ्य संघांचे बोल या नावाने ओळखले जाणारे सामने होतात. हंगामाची खरी कसोटी तेथे लागते. असे असता दोन्ही वृत्तसंस्था आपले अखेरचे मतदान त्याआधीच उरकून घेत. १९६४ मध्ये अलाबामा दहाही सामने जिंकून दोहोंकडे पहिली ठरली. मग १ जानेवारी १९६५ रोजी ऑरेंज बोलमध्ये टेक्ससने तिला २१-१७ असे हरविले. त्याच दिवशी आर्कान्सासने कॉटन बोलमध्ये नेब्रास्कास १०-७ असे नमवून सर्व ११ सामने जिंकले. आणि त्या अकरांत टेक्ससवरील १४-१३ चा विजयही होता. ज्याने अलाबामास हरविले त्याला आर्कान्सासने हरविले होते, तरी वृत्तसंस्थांच्या वहीत नाव राहिले अलाबामाचे. फुटबॉल लेखकांच्या संघटनेने सर्व सामने संपल्यावर मत दिले आणि आपला मान आर्कान्सासला दिला. आमच्या मते त्या वर्षीचा योग्य निवाडा हाच. साक्षीपुरावा चालू असता निकाल सांगून मोकळे होणाऱ्या न्यायाधीशास वरच्या न्यायालयात काय ऐकावे लागेल हे सांगावयास नको.

असोसिएटेड प्रेसने १९६५ पुरते मतदान सामन्यांनंतर घेतले, दोन वर्षे पुन्हा जुनी वाट धरली आणि १९६८ पासून कायमची सुधारली. प्रशिक्षकांना हे उमगण्यास आणखी एक ठेच लागली: १९७३ मध्ये त्यांनी अलाबामास पहिले स्थान दिले आणि शुगर बोलमध्ये नोत्र दामने तिला २४-२३ असे हरविले. १९७४ पासून तेही थांबू लागले.

मधल्या काळातील १९६६ चा हंगाम वादाचा मुकुटमणी होय. १९ नोव्हेंबरला ईस्ट लान्सिंग येथे पहिल्या दोन क्रमांकांचे संघ, नोत्र दाम आणि मिशिगन स्टेट, समोरासमोर आले. गुण १०-१० झाले. शेवटच्या मिनिटास चेंडू नोत्र दामकडे होता. प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी विजयासाठी धोका पत्करण्याऐवजी वेळ काढून बरोबरी राखली. मतदारांनी पहिला मान नोत्र दामलाच दिला आणि मिशिगन स्टेट दुसरी आली. एकही सामना न हरलेली, एकही बरोबरी न झालेली अलाबामा मात्र तिसऱ्या क्रमांकावर राहिली. अलाबामाचे लोक तो अन्याय अद्याप विसरलेले नाहीत, आणि नुसते अंक पाहिले तर त्यांची तक्रार बिनतोड आहे.

पण अंकांच्या पलीकडे एक गोष्ट आहे. अलाबामाचा तो संघ निव्वळ गोऱ्यांचा होता. मिशिगन स्टेटच्या संघात टेक्ससचा बुब्बा स्मिथ आणि दक्षिण कॅरोलायनाचा जॉर्ज वेब्स्टर असे दक्षिणेतील कृष्णवर्णीय तरुण होते. त्यांनी घरापासून शेकडो मैलांवर जाऊन खेळावे लागण्याचे कारण, दक्षिणेतील बहुतेक मोठ्या विद्यापीठांची दारे त्यांस बंद होती. मतदारांनी ही गोष्ट मनात धरली की अलाबामाचे प्रतिस्पर्धी दुबळे मानले, हे मतपत्रिका सांगत नाही, कारण मतदारास कारणे द्यावी लागत नाहीत. आमचा आक्षेप तेथेच आहे. वर्णभेदासाठी एखाद्या संघास अजिंक्यपद नाकारावयाचे असेल तर ते उघड बोलून नाकारावे; दोन वर्षांपूर्वी तशाच गोऱ्या संघास तो मान देऊन मग मुकाट्याने त्यास तिसरे करू नये. सप्टेंबर १९७० मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाच्या मिश्रवर्णीय संघाने बर्मिंगहॅमला येऊन अलाबामास ४२-२१ असे हरविले, आणि त्याच सुमारास अलाबामाने आपले दार उघडले.

१९६९ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष निक्सनच पंच झाले. ६ डिसेंबरला टेक्ससने आर्कान्सासला १५-१४ असे हरविताच त्यांनी जातीने टेक्ससला अग्रमानाची पाटी अर्पण केली. पेन स्टेटचा संघ त्या वर्षीही अपराजित होता. पेन स्टेटचे प्रशिक्षक जो पॅटर्नो यांनी १९७३ मध्ये, ज्या गृहस्थास १९६९ साली फुटबॉलचे एवढे ज्ञान होते त्यास वॉटरगेटचे इतके अज्ञान कसे, अशा अर्थाचा टोला लगावून त्याची परतफेड केली.

१९९८ पासून मतदान आणि संगणक यांच्या बेरजेने दोन संघ निवडून त्यांचा अंतिम सामना लावू लागले. २००३ मध्ये दोन्ही मतदानांत पहिली असलेली सदर्न कॅलिफोर्निया संगणकांमुळे तिसरी ठरली आणि अंतिम सामन्यास मुकली. लुइझियाना स्टेटने ओक्लाहोमास २१-१४ असे हरविले. प्रशिक्षकांचे अखेरचे मत त्या सामन्याच्या विजेत्यास देण्याचा करार होता. तरी ६३ पैकी तिघांनी करार मोडून सदर्न कॅलिफोर्नियास मत दिले. कराराने बांधलेले मत हे मत कसले, हे कोणी आम्हांस समजावून सांगावे.

देवळाच्या उत्सवात प्रथम तीर्थ कोणास द्यावे यावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दावे झाले आहेत. केवळ मानाचा दावा दिवाणी न्यायालयात चालत नाही; तो मान एखाद्या पदाशी वा वृत्तीशी निगडित असावा लागतो, हे तत्त्व त्यांतूनच स्थिर झाले. अमेरिकेतही असेच काहीसे झाले. २००८ च्या हंगामात युटाने १३ पैकी १३ सामने जिंकले, शुगर बोलमध्ये अलाबामास ३१-१७ असे हरविले, तरी अजिंक्यपद फ्लोरिडास गेले. नुसता मान गेला असता तर कोणी विचारले नसते. परंतु या सामन्यांत लक्षावधी डॉलरांची वाटणी होती. म्हणून युटाचे सिनेटर ऑरिन हॅच यांनी २००९ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याच्या दृष्टीने त्याची सिनेटमध्ये चौकशी लावली.

२०१४ पासून १३ जणांची समिती चार संघ निवडू लागली. डिसेंबर २०२३ मध्ये या समितीने जे केले ते आम्हांस सर्वांत खटकते. फ्लोरिडा स्टेटने १३ पैकी १३ सामने जिंकून आपल्या गटाचे अजिंक्यपद मिळविले होते. नोव्हेंबरमध्ये तिचा अग्रणी खेळाडू जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. तो नसताना हा संघ टिकणार नाही, असा तर्क करून समितीने एक सामना हरलेल्या अलाबामास चौथे स्थान दिले. आपला पाय हंगामाच्या आरंभीच मोडला असता तर बरे झाले असते, म्हणजे आपल्याविना संघ काय करतो हे दिसले असते, असे त्या तरुणाने जाहीरपणे म्हटले. झालेल्या गोष्टींवरून निवाडा करावा, होणाऱ्यांच्या अंदाजावरून नव्हे, हे न्यायाचे प्राथमिक सूत्र. समितीने अपघाताची शिक्षा तेरा विजय मिळविणाऱ्या पोरांस दिली. पुढे ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा धुव्वा उडविला, म्हणून समितीचे बरोबरच होते असे काही म्हणतात. पण त्या दिवशी तिचे अनेक प्रमुख खेळाडू मैदानात उतरलेच नव्हते.

२०२४ पासून १२ संघ घेतले जातात. त्या वर्षी मिशिगनने ओहायो स्टेटला तिच्याच मैदानावर १३-१० असे हरविले तेव्हा आमच्या भाच्याचा आनंद गगनात मावेना. आणि २० जानेवारी २०२५ रोजी तीच ओहायो स्टेट नोत्र दामला ३४-२३ असे नमवून अजिंक्य झाली. भाचा अजून कुरकुर करतो. आम्हांस मात्र हा निकाल मान्य आहे, कारण तो मैदानावर लागला. समितीचे काम त्यामुळे संपलेले नाही. पूर्वी तिसऱ्याचा वाद होता, आता तेराव्याचा आहे.

१९६४ चा वाद तर कोणीच मिटविलेला नाही. अलाबामा आणि आर्कान्सास या दोन्ही विद्यापीठांच्या अजिंक्यपदांच्या याद्यांत ते साल आजही लिहिलेले आहे.