सेल्बर्नचे कासव

इ. स. १७८० च्या मार्च महिन्यात इंग्लंडातील ससेक्स परगण्यात, रिंगमर गावी, रिबेका स्नूक ही वृद्धा मयत झाली आणि सुमारे चाळीस वर्षे तिच्या परसात वावरलेले एक कासव निराधार झाले. तिचा भाचा गिल्बर्ट व्हाइट हा सेल्बर्न गावचा धर्मोपदेशक आणि निसर्गाचा असाधारण निरीक्षक. त्याने ते शीतनिद्रेतून उकरून काढले, फूत्कार टाकून ते आपला रोष प्रकट करीत असतानाही मातीने भरलेल्या पेटीत नीट बसविले आणि भाड्याच्या घोडागाडीतून ऐंशी मैल दूर आपल्या घरी आणले. प्रवासाच्या खडखडाटाने पुरते जागे झालेले ते कासव नव्या बागेच्या टोकापर्यंत दोनदा चालून गेले. परंतु सायंकाळी गारठा पडताच भुसभुशीत मातीत पुन्हा दडले, आणि व्हाइटने त्याला तेथेच राहू दिले.

पाळीव कासवांच्या इतिहासात या प्रसंगाचे मोल मला फार वाटते. व्हाइटपाशी या प्राण्याविषयी ग्रंथ नव्हते, वैद्य नव्हता. होती ती केवळ रोजनिशी. कासव पावसाला किती भिते, शरद ऋतूत उन्हाचा कण न् कण टिपण्यासाठी पाठ भिंतीला टेकवून कसे कलते, नोव्हेंबरात पुढच्या पायांनी माती उकरीत स्वतःला किती संथपणे पुरून घेते, हे सारे त्याने टिपले. ते वेळोवेळी तोलून त्याचे वजनही नोंदले, आणि ते भरे साडेसहा पौंडांच्या आसपास. तरीही 'टिमथी' या पुरुषी नावाने ओळखला गेलेला हा जीव मादी होता, हे त्याला अखेरपर्यंत उमगले नाही. १७९३ साली व्हाइट वारला आणि पुढच्याच वर्षी टिमथीही गेली. तिच्या कवचावरून एडवर्ड टर्नर बेनेट याने १८३६ साली व्हाइटच्याच नावाने एक नवी जाती कल्पिली. पुढे ती भूमध्यसागराच्या आसमंतातील 'टेस्टुडो ग्रीका' हीच जाती ठरली. ते कवच आज लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे.

नंतरच्या काळात याच जातीचा बाजार झाला. मोरोक्कोसारख्या मुलखांतून लक्षावधी कासवे एकावर एक रचून ब्रिटनमध्ये आणली गेली. कित्येक वाटेतच मेली, कित्येकांना पहिला हिवाळाही सोसला नाही. १९८४ साली युरोपीय समुदायाने हा व्यापार बंद केला. ज्या देशात व्हाइटची निरीक्षणे घरोघर वाचली गेली, त्याच देशात हे घडावे, याचा मला खेद होतो.

अशा बाजारातून वा कोणाच्या घरातून सोडवून आणलेल्या कासवामागे व्हाइटसारखी रोजनिशी नसते. म्हणून तेथे प्रथम त्याच्या अंगाची साक्ष घ्यावी लागते. मांडीच्या मागे टोकदार गाठ असेल तर ते टिमथीच्या कुळातले. गाठ नसून शेपटीच्या टोकाला शिंगासारखे नख आणि शेपटीवरची ढाल बहुधा दुभंगलेली असेल तर हर्मनचे कासव. नराचे उदरकवच खोलगट, मादीचे सपाट. ही ओळख चुकली तर शुश्रूषाही चुकते. कारण त्या दोन जाती शीतनिद्रा घेतात, तर आपल्या देशातील तारांकित कासवाला तशा थंडीत ठेवणे म्हणजे त्याच्या जिवावर उठणे होय.

या तारांकित कासवाच्या काळ्या कवचावर पिवळे किरण फाकलेले असतात. ते कोरड्या, झुडपी रानातले. विहिरीत सोडले तर बुडून मरते. उलट, ज्याच्या पोटाखालच्या झडपांनी मागचे पाय झाकले जातात, ते पाण्यातले. त्याला कोरड्या खोक्यात डांबू नये. दोहोंनाही दूधभात अपायकारकच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही दोन्ही कासवे घरी बाळगण्यास मनाई आहे. तेव्हा असे कासव कोणाच्या घरी आढळल्यास ते परस्पर नदीत वा रानात न सोडता वनखात्याच्या हवाली करावे, आणि ते कोठून आले, किती वर्षे होते, काय खात होते, ही हकिकत कागदावर लिहून सोबत द्यावी, अशी वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे.