पाणी नसलेला डोंगर आणि त्याची वाट



आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकदा तब्येतीचा विषय निघाला. दवाखान्यातल्या बाईंनी सगळ्यांना रोज थोडं चालायला सांगितलं होतं. त्यावर आमच्या एक काकी उसळून म्हणाल्या, "आमी दिसभर चलतवच मां! डोक्यार कळशी, काखेत पोर. आणखी चलाक खय जावचा?"

सगळ्या हसलो. काकींचं म्हणणं खोटं नव्हतं. पण याच काकी दिवाळी झाली की विचारतात, "गो, औंदा गडार कधी जावचा?" आणि चढताना सर्वांच्या पुढे असतात. हा गड म्हणजे आपल्या मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याचा भरतगड. पन्नास वेळा पाहिलेला डोंगर पुन्हा चढावासा का वाटतो, ते आज बोलू. त्यासाठी आधी डोंगराची गोष्ट ऐकायला हवी, आणि ती गोष्ट पाण्याची आहे.

कालावलची खाडी आपल्याला ठाऊक आहे. कणकवलीकडून येणारी गड नदी इथे खाडी होऊन समुद्राला मिळते. खाडीच्या दक्षिणेला मसुरे, आणि मसुऱ्याच्या डोक्यावर भरतगड. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. तिथे चारी बाजूंना खारं पाणी, पण आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. मग १६७० मध्ये महाराजांनी मसुऱ्याचा हा डोंगर पाहिला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. जागा मोक्याची होती. खाडीवर नजर, खाली भाताचा सुपीक मळा. पण वर पुरेसं पाणी नव्हतं. म्हणून महाराजांनी हा डोंगर सोडला आणि सिद्धगड निवडला.

बघा हं, समुद्रात गोडं पाणी मिळालं आणि डोंगरावर मिळालं नाही. असं का, ते आपल्या पायांना माहीत आहे. आपला सडा जांभ्या दगडाचा. जांभा चाळणीसारखा असतो. मिरगापासून नवरात्रापर्यंत एवढा पाऊस कोसळतो, पण पाणी वर थांबत नाही. ते दगडातून झिरपत खाली उतरतं आणि पायथ्याच्या झऱ्यांना, व्हाळांना, वाडीतल्या विहिरींना मिळतं. म्हणून चैत्रात सडा करपलेला असतो आणि पायथ्याच्या विहिरीत मात्र कळशी बुडते. डोंगर स्वतः तहानलेला राहतो आणि आपल्याला पाजतो.

पुढे वाडीकर सावंत आणि बावड्याचे पंत अमात्य यांच्यात वितुष्ट आलं. तेव्हा सावंतांनी हाच सोडून दिलेला डोंगर हाती घेतला. पाणी नाही म्हणता? मग खणा. खडक फोडत फोडत ते खाली गेले आणि सुमारे सव्वादोनशे फुटांवर पाणी लागलं. सव्वादोनशे फूट म्हणजे दीडशे हात. आपल्या परसातल्या विहिरीचा दोर आठवा आणि असे किती दोर एकाला एक बांधावे लागतील ते मनात मोजा. सुरुंगाच्या मशिनी नव्हत्या. पहार, छिन्नी, हातोडा आणि माणसांचे हात. १७०१ पर्यंत गड पुरा झाला. पंत अमात्यांनीही समोर, खाडीच्या पलीकडे भगवंतगड उभा केला. आजही भरतगडावर उभं राहिलं की समोर तो दिसतो.

याच अमात्य घराण्यातल्या रामचंद्रपंतांच्या नावावर आज्ञापत्र हा राज्यकारभाराचा ग्रंथ आहे. १७१५ च्या सुमाराचा. गड बांधण्याआधी पाणी बघा, नसेल तर खडक फोडून टाकी करा, एकाच झऱ्यावर विसंबू नका, असा त्यातला उपदेश आहे. राज्य चालवणाऱ्यांनी ग्रंथात लिहून ठेवलं, ते आपल्या आज्या पोरीचं स्थळ बघताना विचारत आल्या. "घर चांगला आसा, पण पाणी खय आसा?" घरात पाणी कोण भरणार हे त्यांना माहीत होतं.

पुढे १७४८ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी भरतगड जिंकला. सावंतांनी तो परत मिळवला. १८१८ मध्ये इंग्रज आले आणि गडाचं लढाईचं काम संपलं. आज तिथे आमराई आहे, तटबंदी आहे, देऊळ आहे आणि ती विहीर आहे. तोफा गेल्या, सरदार गेले, पण खालून वर जाणारी वाट राहिली.

वाट कशी राहते, मैत्रिणींनो? चालणाऱ्यांमुळे. एक पावसाळा कोणी गेलं नाही तर करवंदीच्या जाळ्या वाट गिळून टाकतात, हे आपण पाहिलंय. आपल्या डोंगरांच्या वाटा शिपायांपेक्षा जास्त बायकांनी तुडवल्या. लाकडाचा भारा, गवताचा भारा, भाजावळीसाठी पातेरा, काजूच्या बिया, रातांबे. वर जायचं ते काहीतरी आणायला, आणि उतरायचं ते डोक्यावर चुंबळ ठेवून. नाहीतर देवाच्या निमित्ताने. आंगणेवाडीची भराडी देवी याच मसुऱ्यातली. भरडावरची, म्हणजे माळावरची, म्हणून भराडी. जत्रेला लाखो माणसं तो माळ चढतात. म्हणजे बाईला डोंगर चढायला दोनच कारणं होती, काम किंवा देव. नुसतं जायचं म्हणून ती कधी गेली नाही.

म्हणून मला आमच्या काकींचं कोडं उलगडलं. त्या दिवसभर चालतात ते ओझ्याचं चालणं. गडावर जाताना डोकं मोकळं असतं, हात मोकळे असतात. वर पोचल्यावर त्या तटाजवळ बसतात आणि खाली बोट दाखवतात. ते माझं माहेर, ती शाळा, तो मळा, तिथे पुराचं पाणी आलं होतं. रोज ज्या गावात वाकून काम करतो, ते सगळं गाव वर्षातून एकदा ताठ बसून बघायला मिळतं. गाव तेच, पण दर वर्षी काहीतरी वेगळं दिसतं. कुठे नवं घर, कुठे पडीक शेत, कुठे बुजलेला व्हाळ.

आणि कुठे नवी चिरेखाण. हे सांगितल्याशिवाय बोलणं पुरं होणार नाही. आपल्याला घरासाठी चिरा लागतो, खाणीवर कितीतरी घरांच्या चुली चालतात, हे खरं. पण सड्याचा जांभा खोल कापला की पाणी मुरण्याची जागाच जाते. मग पायथ्याची विहीर आटली तर दोष कोणाला द्यायचा? कोणत्या सड्याखाली कोणता झरा आहे, तो कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, हे कागदावर कमी आणि चालणाऱ्या बाईच्या डोक्यात जास्त असतं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे सह्या करून उठू नका. खाणीचा, रस्त्याचा, कुंपणाचा विषय असेल तर आपल्या पायांना माहीत असलेलं तोंडाने सांगा. जिने डोंगर पाहिलाच नाही, ती काय सांगणार?

तेव्हा या थंडीत आपल्या गावचा डोंगर एकदा चढून या. भरतगडच हवा असं नाही. भरतगडाला जाणार असाल तर लक्षात ठेवा, गडावरची जागा आणि आमराई खाजगी मालकीची आहे. विचारून जा, झाडाला हात लावू नका. सकाळी उन्हाच्या आधी निघा. पाण्याच्या बाटल्या सोबत घ्या, कारण डोंगर अजूनही तहानलेलाच आहे. विहिरीच्या काठावर पोरांचा हात सोडू नका. म्हाताऱ्या सासूबाईंना पुढे ठेवा, म्हणजे सगळ्यांची चाल आपोआप बेताची होईल.

आणि उतरताना सवयीने वाटेतली चार लाकडं उचलावीशी वाटतील. त्या दिवशी राहू द्या. मोकळ्या हातांनी खाली या.