युरोपची चित्रालये आणि बडोद्याची दृष्टी

बडोदे शहराच्या वायव्येस कोयली नावाचे गाव आहे. गुजरातेत खनिज तेल सापडल्यानंतर सोव्हिएत रशियाच्या तांत्रिक साह्याने तेथे तेलशुद्धीचा मोठा कारखाना उभारण्यात आला आणि १९६५ साली तो सुरू झाला. यंत्रविद्या परदेशची, कच्चे तेल येथल्या भूमीचे आणि ती विद्या आत्मसात करून कारखाना चालविणारे हात येथल्या माणसांचे, असा तो योग होता. या घटनेचे महत्त्व कोणालाही चटकन पटते. परंतु याच परिसरात सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी परदेशची विद्या आणून येथल्या मातीत रुजविण्याचा असाच एक उद्योग आरंभला गेला होता. त्याचा विषय तेल नव्हता, चित्र होते.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातला गोपाळराव नावाचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आला, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. पुढे तोच महाराजा सयाजीराव गायकवाड झाला. १८८१ साली राज्याची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली आणि १८८७ साली त्यांनी युरोपचा पहिला प्रवास केला. त्यानंतर असे प्रवास पुनःपुन्हा घडले.

युरोपच्या शहरांत तोवर एक मोठे स्थित्यंतर होऊन गेले होते. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९३ साली पॅरिसचा लूव्र राजवाडा संग्रहालय म्हणून लोकांना खुला केला. लंडनची नॅशनल गॅलरी १८२४ साली राष्ट्राच्या पैशाने स्थापन झाली, आणि कारागिरांच्या दृष्टीला वळण लागावे या हेतूने साउथ केन्सिंग्टनचे संग्रहालय १८५७ साली उघडले गेले. राजाच्या महालातले चित्र प्रजेच्या मालकीचे झाले होते. तिकीट काढून वा न काढता चांभाराच्या पोरानेही टिशियनच्या चित्रासमोर उभे राहावे, ही कल्पनाच मुळी नवी होती. प्रवासात खरेदी केलेल्या वस्तू पुष्कळ संस्थानिकांनी आणल्या. सयाजीरावांनी ही कल्पना आणली.

बडोद्याच्या सार्वजनिक उद्यानात १८९४ साली वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्याला जोडून चित्रसंग्रहासाठी स्वतंत्र इमारत बांधावयास १९०८ साली प्रारंभ झाला व १९१४ साली ती पुरी झाली. युरोपातील चित्रे निवडण्याचे काम लंडनचे नामांकित कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांच्याकडे सोपविले होते. त्यांनी इटालियन, फ्लेमिश, डच, स्पॅनिश, फ्रेंच व इंग्रज चित्रकारांच्या कृती मिळविल्या. इतक्यात पहिले महायुद्ध पेटले. समुद्र धोक्याचा झाला, चित्रे युरोपातच अडकून राहिली आणि बडोद्याची नवी इमारत त्यांची वाट पाहत राहिली. अखेर १९२१ साली चित्रालयाचे दरवाजे उघडले.

या साऱ्या खटाटोपावर एक रास्त आक्षेप घेता येतो. शेतसाऱ्याच्या पैशातून परदेशी चित्रे आणण्याचे प्रयोजन काय? दुष्काळाने होरपळणाऱ्या प्रदेशात हा विलास नव्हे काय? संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांवर तर खुद्द लॉर्ड कर्झन यांनी १९०० साली परिपत्रक काढून निर्बंध घातले होते. कर्झनसाहेबांचा हेतू प्रजाहिताचा किती आणि साम्राज्यहिताचा किती, हा वेगळा प्रश्न. पण आक्षेपाला उत्तर हवेच. ते उत्तर चित्रालयात सापडत नाही, त्याच्या शेजारी सापडते. त्याच राजाने १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० पासून अमेरिकन ग्रंथपाल बोर्डेन यांच्या मार्गदर्शनाखाली गावोगावी वाचनालये पसरविली. शाळा, ग्रंथालय आणि चित्रालय ही एकाच विचाराची तीन दालने होती. बाराव्या वर्षापर्यंत ज्याच्या हाती पुस्तक पडले नव्हते, त्या माणसाला ही दालने प्रजेसाठी उघडावीशी वाटली, यात नवल ते काय?

तथापि या प्रयत्नाला एक मर्यादाही होती. स्पीलमन बडोद्यासाठी चित्रे जमवीत होते त्याच सुमारास, १९१०च्या अखेरीस, लंडनमध्ये सेझान, गोगँ व व्हॅन गॉग यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले आणि इंग्रज रसिकांत एकच गदारोळ उडाला. बडोद्याच्या संग्रहाचा भर मात्र मान्यता पावलेल्या, काळाने शिक्का मारलेल्या कलेवर राहिला. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. दुरून विकत आणावयाची ती वस्तू सिद्धच असणार. आजची कला बाजारातून आणता येत नाही. ती जेथल्या तेथे घडवावी लागते.

घडविण्याची बीजे बडोद्यात होतीच. १८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन निघाले. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके तेथे शिकून गेले. कीर्तिमंदिराच्या भिंतींवर १९३९ ते १९४६ या काळात नंदलाल बोस यांनी भित्तिचित्रे काढली आणि शांतिनिकेतनचा वारा बडोद्यात आला. पुढे संस्थान गेले, विद्यापीठ आले. कुलगुरू हंसाबेन मेहता यांच्या कारकीर्दीत १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विभाग सुरू झाला, आणि चित्रकाराला विद्यापीठाची पदवी मिळू लागली. कलेचा इतिहास आणि प्रत्यक्ष चित्रकाम ही दोन्ही एकाच छपराखाली शिकविली जाऊ लागली.

तेथील चित्रकला विभाग नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या हाती होता. इंदूरच्या मराठी घरात १९१० साली जन्मलेले बेंद्रे अमेरिका व युरोप हिंडून, तेथील नवी चित्रकला डोळ्यांखालून घालून आले होते. घनवादाची रचना त्यांनी अभ्यासली, पण विद्यार्थ्यांपुढे तिचा गिरविण्याचा कित्ता ठेवला नाही. शिल्पकार शंखो चौधुरी, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन असे सहकारी लाभले. गुलाममोहम्मद शेख १९६३ ते १९६६ या काळात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये राहिले आणि परत येऊन बडोद्यातच कलेचा इतिहास शिकवू लागले. सयाजीरावांच्या काळी परदेशातून चित्रे येत होती. आता चित्रकार जाऊन पाहून येत होते आणि परतल्यावर आपले चित्र काढीत होते.

१९६१ साली या विभागाने कलामेळा भरविण्याची प्रथा पाडली. गुरू आणि शिष्य यांनी मिळून घडविलेली खेळणी व इतर वस्तू साध्या नागरिकाला परवडतील अशा किमतीत मांडल्या गेल्या. ज्याने चित्रालयाची पायरी कधी चढली नसेल, त्याच्या घरी एखादे लाकडी खेळणे पोचले. उद्यानातल्या संग्रहालयात महीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा पाहावयास येणारा खेडूतही पुढच्या दालनातील चित्रांपाशी क्षणभर थबकतो, तेव्हा हेच घडत असते.

परदेशातील कलाकेंद्र पाहून येणाऱ्याने काय आणावे, याचा बडोद्याचा इतिहास असा आहे. प्रथम वस्तू आल्या, त्यांनी नजर घडविली. घडलेल्या नजरेने मग स्वतःचे काम मागितले. यातली पहिली पायरी पैशाने बांधता येते. दुसरीसाठी शाळा लागते, गुरू लागतो आणि एक पिढी वाट पाहण्याची तयारी लागते. बडोद्याने ती वाट पाहिली, हे त्याचे खरे वैभव.