लायसिडीन : एका अक्षराची गोष्ट

रिसर्च पेपर वाचताना साल बघता का? बघत जा. ई. कोलायमध्ये आयसोल्युसिन आणणारा एक टी-आरएनए आहे. त्याच्या अँटिकोडॉनचं पहिलं अक्षर जीनमध्ये साधं ‘सी’ असतं. ते तसंच राहिलं तर हा रेणू चक्क मेथिओनिन उचलतो. जिवाणू त्या ‘सी’ला लायसिन जोडतो, त्याचं लायसिडीन होतं, मग तोच रेणू आयसोल्युसिन उचलून एयूए हा कोडॉन वाचतो. जपानी संशोधकांनी हे १९८८ साली दाखवलं, तेही लायसिडीन काढून तिथे साधं ‘सी’ बसवून! पण ही जोडणी करणारं एन्झाईम, टिल-एस, सापडलं २००३ मध्ये. त्याच्यावाचून ई. कोलाय जगत नाही, तरी मध्ये पंधरा वर्षं गेली.

आणि आपल्याकडे? कोथरूडहून टेकडी ओलांडली की पाषाणची एनसीएल. तिथे तिवारींनी अशा बदललेल्या बेसेसच्या आकारावर बरंच काम केलं. कैलास सोनवणे आणि तिवारी यांचा लायसिडीनवरचा पेपर २००८चा. त्यात टेस्ट ट्यूब नाही, गणित आहे : लायसिनची ती लांब शेपटी नेमकी कुठे वळते? पण त्याआधी १९८८चा पेपर वाचा. नाहीतर एका शेपटीची एवढी चौकशी कशाला, असंच वाटेल.