नावाने जुळणारी गाठ

वेबपृष्ठावरील फॉर्ममध्ये भरलेली माहिती सर्व्हरवरील ऑब्जेक्टच्या, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एकत्र बांधून ठेवलेल्या संबंधित माहितीच्या, ज्या त्या घरात आपोआप जाऊन बसते, या क्रियेला ‘डेटा बाइंडिंग’ म्हणतात. ती बिघडली, तर दोषाचे मूळ पुष्कळदा फॉर्मच्या जन्मातच सापडते. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एचटीएमएल २.०’ या वेबपृष्ठांच्या भाषेच्या प्रमाणनियमांत जी रीत नोंदली गेली, तिच्यानुसार साध्या फॉर्ममधून ब्राउझर आजही ‘गाव=सातारा&वय=३४’ अशा जोड्यांची एक सलग ओळच पाठवतो. त्या ओळीत वय हा आकडा नसून ‘३’ आणि ‘४’ ही दोन अक्षरे असतात, आणि खूण न केलेला चेकबॉक्स तर त्या ओळीत नसतोच.

प्रारंभी ही ओळ फोडून प्रत्येक मूल्य हाताने उचलावे लागे. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेसाठीच्या, १९९७ च्या ‘जावाबीन्स’ नियमांनी ‘गाव’ या गुणधर्मात मूल्य भरणाऱ्या पद्धतीचे नाव ‘सेटगाव’ असावे असा संकेत रूढ केल्यामुळे केवळ नावावरून घर शोधणे यंत्राला शक्य झाले. २००० नंतर ‘स्ट्रट्स’ने आणि २००४ मध्ये ‘स्प्रिंग’च्या पहिल्या आवृत्तीने, म्हणजे जावातील वेब-प्रोग्रॅमसाठीच्या तयार चौकटींनी (फ्रेमवर्क), हीच गाठ पुढे पक्की केली. म्हणूनच घर रिकामे राहिले की आधी रकान्याचे ‘नेम’ तपासावे, कारण ‘आयडी’ ही दुसरी ओळख ब्राउझर पाठवतच नाही. नाव जुळूनही मूल्य नाकारले गेले, तर ‘३४ वर्षे’ या अक्षरांचा पूर्णांक होत नाही, हे कारण असू शकते. चेकबॉक्सच्या अनुपस्थितीवर स्प्रिंगने त्याच नावाआधी अधोरेखा जोडलेला एक लपलेला रकाना सोबत पाठवण्याचा उपाय योजला.

मात्र ‘पत्ता.पिनकोड’ असे टिंब देऊन ऑब्जेक्टच्या आत शिरण्याची सोय घातक ठरली. फॉर्ममध्ये नसलेले ‘क्लास’ हे नाव पाठवून हल्लेखोराला प्रोग्रॅमच्या गाभ्यापर्यंत नेणारी वाट २०१० मध्ये स्प्रिंगने बंद केली, पण २०१७ च्या जावा ९ ने ‘मॉड्यूल’ हा नवा गुणधर्म आणल्यामुळे तीच वाट आडमार्गाने पुन्हा उघडी पडली, आणि मार्च २०२२ मध्ये ‘स्प्रिंगफोरशेल’ या नावाने ती जगजाहीर झाली. त्यामुळे प्रत्येक फॉर्मसाठी स्वतंत्र, छोटा ऑब्जेक्ट करावा, किंवा स्वीकारायच्या नावांची यादी प्रोग्रॅमरने स्वतः लिहून द्यावी.