कॅसिनो कायदेशीरकरणाचा प्रश्न आणि खान्देश

कॅसिनोतील जुगाराला कायद्याने परवानगी द्यावी की नाही, हा महाराष्ट्रात सुमारे पाच दशके अधूनमधून चर्चेला येणारा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे. राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोंना परवाने देण्याची तरतूद असलेला कायदा संमत केला. तो एकदाही अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. जळगाव व धुळे या जिल्ह्यांत कॅसिनो कधीच नव्हते. मात्र सट्टा, मटका व पत्त्यांचा जुगार येथे दीर्घकाळ रुजलेला आहे. त्यामुळे कायदेशीरकरणाचा लाभ कोणाला होईल आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागेल, हा प्रश्न खान्देशाच्या संदर्भात वेगळ्या स्वरूपात उभा राहतो.

पूर्वपीठिका

जुगाराला बंदी घालावी की त्याचे नियमन करावे, हा वाद भारतात प्राचीन आहे. धर्मशास्त्रात निर्जीव साधनांनी खेळल्या जाणाऱ्या जुगारास 'द्यूत' आणि प्राण्यांच्या झुंजींवरील पैजेस 'समाह्वय' म्हटले आहे. मनुस्मृतीनुसार राजाने या दोहोंचे आपल्या राज्यातून निवारण करावे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र जुगारासाठी एकच ठिकाण नेमून देणारा 'द्यूताध्यक्ष' हा अधिकारी सांगितला आहे. जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच भाग त्याने घ्यावा, असेही तेथे म्हटले आहे. छुप्या मार्गाने उपजीविका करणाऱ्यांचा माग लागावा, हा जुगार एका ठिकाणी आणण्यामागील हेतू होता. आधुनिक काळातील 'संपूर्ण बंदी' आणि 'परवाना व कर' या दोन्ही भूमिकांची बीजे अशा प्रकारे जुन्या ग्रंथांत आढळतात.

मराठीतील आद्य गद्यग्रंथांपैकी एक असलेल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्यातील हरिपाळदेवाचा प्रसंग आहे. जुगारात हरल्यावर देणे फेडण्यासाठी तो पत्नीकडे तिचे दागिने मागतो आणि ती ते देण्यास नकार देते. जुगाराचे ओझे अखेर घरातील स्त्रीधनावर येते, याचा हा मराठीतील जुना दाखला होय.

खान्देशातील जुगाराचे स्वरूप

आखाजी

अक्षय तृतीयेला खान्देशात 'आखाजी' म्हणतात. सासुरवाशिणी या सणाला माहेरी येतात, गौराई बसवली जाते, झाडांना झोके बांधले जातात व गाणी म्हटली जातात. पुरुषांमध्ये या दिवसांत पत्ते खेळण्याची, पैसे लावून खेळण्याचीही, प्रथा अनेक गावांत आहे. शेतीतील सालदाराचे साल परंपरेने आखाजीला संपते व नवे साल ठरते. त्यामुळे हिशेब पूर्ण होऊन पैसा हाती येण्याचाही हाच काळ असतो. सणापुरत्या खेळाकडे गावात सहसा सौम्यपणे पाहिले जाते. कायद्यात मात्र सणासाठी वेगळी सवलत नाही.

सट्टा आणि मटका

मटक्याचा उगम कापसाच्या व्यापाराशी निगडित आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडणारे व बंद होणारे भाव तारेने मुंबईस येत आणि त्या आकड्यांवर पैजा लावल्या जात. १९६० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत बंद पडल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे ठरवले जाऊ लागले. 'मटका' हे नाव त्यावरून आले. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द कापसाच्या भावांची आठवण म्हणून टिकून राहिले. कल्याणजी भगत व रतन खत्री ही नावे या धंद्याच्या मुंबईतील विस्ताराशी जोडलेली आहेत. कापूस हेच प्रमुख नगदी पीक असलेल्या खान्देशात या आकड्यांच्या जुगारास 'सट्टा' असेही म्हणतात. तो घेणाऱ्या ठिकाणास 'सट्टापेढी' हे नाव आहे.

लागू कायदा

या प्रदेशात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. आता त्याचे नाव महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा असे आहे. जुगाराचा अड्डा चालवणे (कलम ४), अड्ड्यावर खेळताना सापडणे (कलम ५) व सार्वजनिक जागी जुगार खेळणे (कलम १२) हे त्यातील मुख्य गुन्हे होत. निव्वळ कौशल्याच्या खेळांना कलम १३ नुसार तो लागू होत नाही. खान्देशाच्या सीमा गुजरात व मध्य प्रदेश या दोन राज्यांना भिडतात. राज्ये बदलली की कायदे व पोलिसांचे अधिकारक्षेत्र बदलते.

घटनात्मक स्थिती

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ३४व्या नोंदीनुसार 'पैज व जुगार' हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे संपूर्ण देशासाठी कॅसिनोचा एकच कायदा नाही. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांविषयीच्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला. जुगार हा व्यापार नसल्याने व्यवसाय स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला मिळत नाही, असे न्यायालयाने ठरवले. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे मत न्यायालयाने १९६७ च्या सत्यनारायण खटल्यात नोंदवले, तर १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींविषयीही तसाच निष्कर्ष काढला.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो. जुगारातील येणे न्यायालयामार्फत वसूल करता येत नाही. बेकायदेशीर जुगारातील वसुली म्हणूनच दबाव आणि खासगी सावकारी यांच्या आधारे होते.

१९७६ चा महाराष्ट्र कॅसिनो अधिनियम

महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम हा आणीबाणीच्या काळात, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९७६ मध्ये संमत झाला. कॅसिनोंना परवाने देणे, त्यांच्यावर नियंत्रण ठेवणे व कर आकारणे अशी त्याची योजना होती. कायदा लागू होण्यासाठी शासनाने अधिसूचना काढणे आवश्यक होते. ती काढली गेली नाही. पुढील अनेक सरकारांनी कायदा अमलातही आणला नाही आणि रद्दही केला नाही. अंमलबजावणीच्या मागणीसाठी हा विषय मुंबई उच्च न्यायालयातही गेला. अखेर २०२३ मध्ये राज्य शासनाने हा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला.

याच राज्याने १९६९ मध्ये स्वतःची सोडत सुरू केली. मटक्याकडे वळणारा पैसा अधिकृत मार्गाने यावा, हा तिच्यामागील एक विचार होता. एका प्रकाराला राजाश्रय व दुसऱ्यास बंदी, ही विसंगती कायदेशीरकरणाचे समर्थक दाखवून देतात.

गोव्याचा अनुभव

शेजारच्या गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत नाणेयंत्रांना परवानगी देण्यात आली. १९९६ मधील दुरुस्तीने जहाजांवरील टेबलावरचे खेळही परवानगीच्या कक्षेत आले. मांडवी नदीतील कॅसिनो जहाजे हे त्याचे दृश्य फलित होय. परवाना शुल्क हे राज्याच्या उत्पन्नाचे एक साधन बनले आणि हॉटेल, वाहतूक व करमणूक क्षेत्रांत रोजगार निर्माण झाला. त्याचबरोबर नदीतील प्रदूषण, पणजीतील वाहतुकीची कोंडी आणि स्थानिक तरुणांवरील परिणाम यांवरून विरोधही झाला. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना खेळण्यासाठी कॅसिनोत जाण्यास बंदी आहे.

सिंगापूरने २००५ मध्ये कॅसिनोंना परवानगी दिली व २०१० मध्ये ते सुरू झाले. तेथील नागरिक व कायम रहिवासी यांना दर दिवसासाठी प्रवेश आकार द्यावा लागतो. आरंभी तो १०० सिंगापूर डॉलर होता. २०१९ मध्ये तो १५० करण्यात आला. परदेशी पाहुण्यांना हा आकार नाही. या दोन्ही ठिकाणी जुगाराचा पैसा हवा, पण आपल्या माणसांची हार नको, असे धोरण दिसते. याचा अर्थ असा की हरणारा खेळाडू अन्य प्रदेशातून यावा लागतो. गोव्याच्या बाबतीत असा प्रदेश म्हणजे महाराष्ट्रासह शेजारची राज्ये होत.

अनुकूल युक्तिवाद

महसूल: बेकायदेशीर जुगारातून शासनाला काहीच मिळत नाही, परवानाधारक कॅसिनोकडून परवाना शुल्क व कर मिळतो. कॅसिनोंवरील वस्तू व सेवा कराचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे.

नियमन: खेळाडूचे वय तपासणे, यंत्रांची तपासणी, व्यवहारांची नोंद आणि तक्रारीची सोय या गोष्टी परवानाधारक ठिकाणीच शक्य होतात. सट्टापेढीवर लावलेल्या पैशाची कोणतीही दाद मागता येत नाही.

गुन्हेगारीला आळा: बंदीमुळे मागणी नष्ट न होता धंदा भूमिगत होतो व हप्तेबाजीला वाव मिळतो, असे समर्थक मानतात. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठवताना अवैध दारूच्या वाढीचे कारण देण्यात आले होते. जुगाराच्या चर्चेत त्याचा दाखला दिला जातो.

पर्यटन: मोठ्या हॉटेलांत गुंतवणूक होते व पर्यटकांचा मुक्काम वाढतो, हा मुद्दा गोव्याच्या अनुभवावरून मांडला जातो.

प्रतिकूल युक्तिवाद

खेळाचे गणित: कॅसिनोतील प्रत्येक खेळाची रचना चालकाला दीर्घकाळात नफा होईल अशीच असते. युरोपीय रूलेटच्या चक्रात ३७ घरे असतात, पण अचूक आकड्यास मूळ पैजेव्यतिरिक्त ३५ पट रक्कम मिळते. त्यामुळे चालकाचा सरासरी वाटा २.७ टक्के राहतो. मटक्यात एका आकड्यास सर्वसाधारणपणे १ रुपयास ९ रुपये असा दर प्रचलित आहे. शक्य आकडे १० असल्याने तेथे हा वाटा १० टक्के होतो. यावरून कॅसिनो अधिक रास्त वाटतो. तथापि मटक्याच्या एका बाजारात दिवसातून 'ओपन' व 'क्लोज' असे दोनच निकाल लागतात, तर रूलेटचे चक्र तासात अनेकदा फिरते. प्रत्येक वेळी १०० रुपये लावणारा खेळाडू मटक्याच्या दोन निकालांत सरासरी २० रुपये गमावतो. रूलेटच्या ४० फेऱ्यांत तोच सरासरी १०८ रुपये गमावतो. टक्केवारी कमी असली तरी खेळाच्या वेगामुळे नुकसान वाढते.

व्यसन: जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत जुगाराच्या विकाराचा समावेश व्यसनाधीन वर्तनांत केला आहे. कायदेशीर मान्यतेमुळे सामाजिक संकोच कमी होऊन नवे खेळाडू वाढतील, अशी विरोधकांची भीती आहे.

कुटुंबावरील परिणाम: हरलेल्या पैशाचा भार खेळाडूपुरता राहत नाही. दागिने, जनावरे, बी-बियाण्यासाठी राखलेली रक्कम व अखेर जमीन असा तो पसरतो. ज्यांनी खेळण्याचा निर्णय घेतलेला नाही, अशा स्त्रिया व मुलांना तो सोसावा लागतो. 'सज्ञान व्यक्तीचे स्वातंत्र्य' हा युक्तिवाद येथे अपुरा पडतो, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

काळा पैसा: रोख व्यवहार मोठे असल्याने अवैध पैसा कायदेशीर दाखवण्यासाठी कॅसिनोंचा वापर होण्याचा धोका असतो.

विधी आयोगाची भूमिका

भारतीय विधी आयोगाने जुलै २०१८ मध्ये सादर केलेल्या २७६व्या अहवालात देशातील तत्कालीन परिस्थितीत जुगार कायदेशीर करणे इष्ट नसल्याचे मत दिले. मात्र पूर्ण बंदी परिणामकारक ठरत नसेल तर कठोर नियमन हाच पर्याय उरतो, असेही त्यात म्हटले आहे. खेळाडूची ओळख आधार किंवा पॅनशी जोडावी, व्यवहार रोखीने करू नयेत, खेळण्याच्या संख्येवर मर्यादा असावी आणि शासकीय अनुदान घेणाऱ्या व्यक्तींना यापासून दूर ठेवावे, अशा सूचना अहवालात आहेत.

ऑनलाइन जुगार

मोबाइलमुळे कॅसिनोसदृश खेळ गावोगावी पोहोचले. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन पैशांच्या खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यानंतर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. त्यानुसार कौशल्य व योगायोग हा भेद बाजूला ठेवून पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घालण्यात आली. असे खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे; निव्वळ खेळाडूला शिक्षा नाही. या कायद्यास न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. कर आकारून नियमन ते संपूर्ण बंदी हा प्रवास येथे दोन वर्षांच्या आत झाला.

खान्देशाच्या दृष्टीने मूल्यमापन

कॅसिनोसाठी लागणारी मोठी हॉटेले व श्रीमंत पर्यटकांचा ओघ जळगाव आणि धुळे येथे मर्यादित आहे. जळगावहून अजिंठा लेणी जवळ असली, तरी ती प्रशासकीयदृष्ट्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. त्यामुळे राज्यात कॅसिनो सुरू झालेच तर ते मुंबई, कोकण किंवा थंड हवेच्या ठिकाणी होण्याची शक्यता अधिक. तसे झाल्यास गुंतवणूक व रोजगार तेथे राहतील, तर खान्देशाचा संबंध मुख्यतः खेळाडू पुरवणारा प्रदेश म्हणून येईल. कापूस व केळीच्या हंगामातील उत्पन्न वर्षातून मोजक्याच वेळा एकरकमी हाती येते, तर खर्च वर्षभर चालतो. अशा अर्थव्यवस्थेत एका रात्रीतील हार पुढचा संपूर्ण हंगाम धोक्यात आणू शकते.

दुसरीकडे, कॅसिनोचा कायदा रद्द झाल्याने सट्टापेढ्या बंद झालेल्या नाहीत. थोड्या पैशांचा आकडा लावणारा मजूर महागड्या हॉटेलातील कॅसिनोकडे वळण्याची शक्यता कमी असल्याने, कॅसिनो आले म्हणून मटका संपेल हा युक्तिवादही या प्रदेशास पूर्णतः लागू होत नाही. कॅसिनोस परवानगी व सट्ट्यास आळा हे दोन स्वतंत्र प्रश्न ठरतात. पहिला राज्याच्या महसूल व पर्यटन धोरणाचा आहे. दुसरा स्थानिक पोलीस कारवाई, खासगी सावकारीवरील नियंत्रण, व्यसनमुक्ती उपचारांची सोय आणि ग्रामीण कुटुंबांच्या आर्थिक सुरक्षिततेशी संबंधित आहे.